मंगळ आमच्या विहिरीत: सहावी-सातवीच्या प्रकल्पाच्या नोंदी

शाळा मंठा तालुक्यातली, जिल्हा जालना. सहावी-सातवी मिळून सव्वीस पोरं. मुलांची खरी नावं इथे लिहीत नाही. प्रकल्प चालू असताना त्यांनीच एकमेकांना टोपणनावं ठेवली, तीच वापरली आहेत.

६ जानेवारी २०२५, सोमवार

विज्ञान दिनाला आमच्याकडे दरवर्षी ज्वालामुखी असतो. मातीचा डोंगर, खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, फसफस, टाळ्या. यंदा नको म्हटलं. या महिन्यात मंगळ पृथ्वीच्या जवळ येतोय. साधारण सव्वीस महिन्यांनी एकदा असं होतं, म्हणजे ही सातवी पुढच्या वेळी हायस्कुलात असेल.

काही न सांगता सगळ्यांना कागद दिले आणि मंगळ काढा म्हटलं. बावीस लाल गोळे आले. दोघांनी त्याला शनीसारखं कडं घातलं. एकानं रॉकेट काढलं, मंगळ नाहीच. एकीनं मंगळसूत्र काढून दिलं आणि ते फार सुबक होतं.

मग विचारलं, तिथे उभं राहिलात तर पायाखाली काय असेल? उत्तरं: आग, ढग, लाव्हा, ‘काहीच नाही सर, तो वर असतो ना’. दगड असं कोणीही म्हणालं नाही. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे खडकाळ ग्रह, हे वाक्य या सगळ्यांनी परीक्षेत लिहिलेलं आहे. गुणही मिळालेत.

तेव्हा उद्दिष्ट ठरलं. फेब्रुवारी संपेपर्यंत यांनी ‘दगड’ म्हणायचं, आणि कोणता दगड तेही सांगायचं.

८ जानेवारी, बुधवार

शाळेमागच्या शेतातल्या विहिरीवर गेलो. मालकाची परवानगी, कठड्याला दोर, एका वेळी पाच जण. वडील विहिरीच्या क्रेनवर कामाला असलेला एक पोरगा सातवीत आहे. पुढे त्याला ‘सुरुंग’ नाव पडलं. त्यानं सगळ्यांना थर वाचून दाखवले: वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा भोकाभोकांचा खडक, त्याखाली काळा पाषाण. ‘इथं आल्यावर जिलेटिन लावावं लागतं.’ मी भूगोलाच्या पुस्तकातून हे तीन वर्षं शिकवतोय. त्याच्याइतकं स्वच्छ मला जमलेलं नाही.

काळ्याच्या दोन थरांच्या मध्ये हातभर जाडीचा तांबडा पट्टा होता. ‘का’नं विचारलं, हे लाल कुठून आलं? (‘का’ हे सहावीतल्या एका मुलीचं नाव. कारण उघड आहे.)

हा आपला दख्खनचा खडक म्हणजे बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. एक थर पसरला, थंड झाला, पुढचा यायला मधे बराच काळ गेला. तेवढ्या काळात वरच्या भागावर हवा-पाण्याचं काम झालं, दगडातलं लोखंड गंजलं, माती झाली. मग नवा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. विटेसारखी, असं सुरुंगच म्हणाला.

इथे मी मोबाइलवर फोटो दाखवला. जानेवारी २००४ मध्ये ‘स्पिरिट’ नावाची गाडी मंगळावरच्या गुसेव विवरात उतरली आणि तिनं पहिल्यांदा जो दगड खरवडून तपासला, तो बेसाल्ट निघाला. त्या दगडाला ‘ॲडिरॉन्डॅक’ असं नाव दिलंय. वर लाल धूळ, खरवडलं तिथे आत करडा-काळा. पोरं फोटोकडे, मग विहिरीकडे, मग परत फोटोकडे बघत राहिली.

‘सर, म्हणजे आमचं जातं पण मंगळाचंच?’

दगड त्याच जातीचा, गाव वेगळं, असं सांगितलं.

१० जानेवारी, शुक्रवार

गंजाचा प्रयोग मांडला. काचेच्या बरण्या तीन. एकीत कोरडी वाळू आणि लोखंड, दुसरीत ओली वाळू आणि लोखंड, तिसरीत मिठाचं पाणी घातलेली. लोखंड म्हणून भांडी घासायची तारेची घासणी कापून टाकली. एका पोरानं घरून आठ घासण्या आणल्या, बहुतेक आईला न विचारता.

फळ्यावर वाक्य लिहून ठेवलं: मंगळावरचं लोखंड कोरड्या हवेत, अब्जावधी वर्षांत, सावकाश गंजलं म्हणून तो लाल. मोठ्या कागदावरही तेच लिहून भिंतीला लावलं, प्रदर्शनात कामी येईल म्हणून.

‘का’: पाण्याशिवाय गंजतं?
मी: खूप वेळ लागतो.
‘का’: किती?

अब्जावधी वर्षं, म्हटलं. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरून पटलेलं दिसत नव्हतं.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. सुट्टी नव्हती, पण निम्म्या डब्यांत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी, त्यामुळे दुपारनंतर वर्ग सुस्त.

पालकांच्या ग्रुपवर दोन फॉरवर्ड फिरतायत. एक, सगळे ग्रह एका सरळ रेषेत येणार. दुसरा जुनाच, मंगळ चंद्राएवढा दिसणार. हा दुसरा २००३ पासून मरत नाही. त्या वर्षी मंगळ खरोखरच फार जवळ आला होता, ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर. तेव्हा दुर्बिणीतून अमुक पट मोठा करून पाहिला तर नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राएवढा, असं काहीतरी वाक्य होतं. त्यातली दुर्बीण वाटेत गळून पडली.

उत्तर लिहीत बसलो नाही. आज पौर्णिमा आणि चंद्र मंगळाच्या शेजारीच होता. पोरांना सांगितलं, आठ वाजता आई-वडिलांना अंगणात आणा आणि दोन्ही एकत्र दाखवा. चंद्राच्या रुंदीत आजचे सुमारे १३० मंगळ बसतील. साडेआठला ग्रुप शांत झाला.

१६ जानेवारी, गुरुवार

आज प्रतियुती. सूर्य पश्चिमेला बुडतो तेव्हा मंगळ पूर्वेला उगवतो, मधे आपण. सात वाजता शाळेच्या पटांगणात अकरा जण जमले. थंडी बरी होती.

मिथुनेतले पुनर्वसूचे दोन तारे आणि मंगळ, तिघं जवळजवळ एका सरळ ओळीत. फार सोयीचं. दोन तारे हलणार नाहीत, मंगळ हलेल. प्रत्येकाला कागद दिला, त्यावर दोन ठिपके आधीच काढलेले. दर तीन-चार दिवसांनी तिसरा ठिपका आपला आपण मारायचा. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे दहा अंश, करंगळी म्हणजे एक. बाकी काही सांगितलं नाही.

पश्चिमेला शुक्र इतका झगझगीत होता की तिघांनी आधी त्याचाच ठिपका मारला.

१८ जानेवारी, शनिवार

बरण्या: काहीही झालेलं नाही. मिठाच्या पाण्यातही घासणी चकचकीत. रविवारी डोकं खाजवून लक्षात आलं, घासणी स्टेनलेस स्टीलची. न गंजणारं लोखंड घेऊन गंजाचा प्रयोग मांडला होता. (ही ओळ सोमवारी लिहितोय.) घासण्या आणणाऱ्याला आता कायमचं ‘घासणी’ म्हणतात, दोष माझा असून.

वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडाचा कीस आणला. बरण्या नव्यानं भरल्या.

२१ जानेवारी, मंगळवार

मोसंबी आणि लिंबू. जालन्यात मोसंबी विकत आणावी लागत नाही. आठ सेंटीमीटरची मोसंबी म्हणजे पृथ्वी. त्याच मापानं मंगळ सव्वाचार सेंटीमीटर, म्हणजे चांगलं मोठं लिंबू. चंद्र बोराएवढा आणि तो मोसंबीपासून अडीच मीटरपेक्षा थोडा अलीकडे. वर्गातच मावला.

लिंबू कुठे ठेवायचं? अंदाज घेतले. वर्गाचं दार, पटांगणाचा कोपरा, हापसा. सगळ्यात धाडसी अंदाज होता मारुतीचं देऊळ.

या वेळी मंगळ सर्वांत जवळ आला तो १२ तारखेला, ९ कोटी ६० लाख किलोमीटरवर. आमच्या मापात ६०० मीटर. दोरी धरून मोजत निघालो. देऊळ गेलं, दूध डेअरी गेली, पाण्याच्या टाकीपाशी ६०० भरले. तिथल्या दगडावर लिंबू ठेवलं. आणि हे जवळ! मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो तेव्हा हेच लिंबू अडीच किलोमीटरवर, म्हणजे शेजारच्या गावच्या शिवेत ठेवावं लागेल.

टोपणनाव घ्यायला नकार दिलेली सातवीतली एक मुलगी आहे. बोलत नाही फारशी. ती टाकीपाशी थांबून शाळेकडे बघत होती. बाकीचे निघाले तरी हलेना. मग म्हणाली, ‘इथून मोसंबी दिसत पण नाही सर.’

नाही दिसणार, म्हटलं.

‘ताईला मंगळ आहे. दोन स्थळं परत गेली.’

मला पटकन काही सुचलं नाही. पत्रिकेवर वर्गात भाषण ठोकायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं, कारण पोरं घरी जाऊन ते वाकडंतिकडं सांगतात आणि मग प्रकल्पच बंद पडतो. पण हे भाषण नव्हतं. एवढंच म्हणालो की ताईला अमावास्येला घेऊन ये, दुर्बीण येणार आहे.

लिंबू कोणीतरी वाटेत चोखून टाकलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

विवरं. परातीत चाळलेली माती, वर पांढऱ्या रांगोळीचा थर, त्यावर गेरू भुरभुरलेला. गोट्या वेगवेगळ्या उंचीवरून सोडायच्या. खड्डा गोटीपेक्षा मोठा होतो, आतली पांढरी रांगोळी बाहेर किरणांसारखी उडते, काठ उचलला जातो. पोरांनी पट्टीनं मापं घेतली. उंची वाढवली की खड्डा वाढतो, पण त्या प्रमाणात नाही, हे त्यांच्या त्यांनाच दिसलं.

मी सांगून बसलो की दगड कसाही येवो, विवर जवळजवळ नेहमी गोलच होतं. सुरुंगनं गोटी तिरकी मारली. लांबट चर पडला, वाटाण्याच्या शेंगेसारखा. ‘गोल कुठंय सर?’

वर्ग माझ्याकडे बघतोय आणि माझ्याकडे उत्तर नाही, असा अर्धा मिनिट गेला. आमची गोटी सेकंदाला काही मीटर वेगानं येते. खरा दगड सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगानं येतो. तो जमीन खणत नाही, आदळताक्षणी त्याची सगळी ताकद एका जागी सुटते, स्फोट होतो. हे मी बोलता बोलता जुळवत होतो. पूर्ण व्हायच्या आत सुरुंग म्हणाला, ‘मग सुरुंगासारखंच की. कांडी तिरपी घातली तरी गड्डा गोलच पडतो.’

नाव तिथे पडलं. प्रदर्शनात हे वाक्य त्याच्या नावावर लावणार आहे.

२९ जानेवारी, बुधवार

अमावास्या. मित्राची ११४ मिलिमीटर आरशाची दुर्बीण आणली. साठ-सत्तर माणसं आली, चहाची किटली आली, एक जण खुर्ची घेऊन आला.

आधी गुरू दाखवला, कारण चार चंद्र दिसले की लोक खूश होतात आणि रांगेत थांबतात. मग मंगळ. मी आधीच सांगितलं होतं की लहान दिसेल, तरी निराशा ठरलेली. ‘हे काय, बोराची बी.’ ‘लाल कुठंय, हा तर केशरी.’ ‘हलतोय सर.’ (हवा हलत होती.) ‘का’ मात्र डोळा लावून बराच वेळ राहिली आणि म्हणाली, एका कडेला साय आल्यासारखं आहे. मी पाहिलं. खरंच पांढुरकी कड होती, उत्तर ध्रुवावरच्या बर्फाची. तिथे आत्ता उत्तरेचा वसंत आहे आणि तो ध्रुव आपल्याकडे झुकलेला. मला ती कड दिसायला तिनं सांगावं लागलं.

ताई आली होती, शाल घेऊन, आईबरोबर. रांगेत तिचा नंबर आल्यावर मागच्या दोन बायका गप्प झाल्या, म्हणजे गावात सगळ्यांना माहीत आहे. तिनं पाहिलं. बाजूला झाली. परत पाहिलं.

‘एवढुसाच?’ म्हणाली.

आणि हसली. मग आईला म्हणाली, तू पण बघ.

१ फेब्रुवारी, शनिवार

लोणार. आमच्यापासून जवळ, तरी सव्वीसपैकी एकोणीस जणांनी पाहिलेलं नव्हतं. टेम्पो ट्रॅव्हलरचे पैसे पालकांनी जमवले.

काठावर उभं राहिल्यावर पहिली पाच मिनिटं कोणीही प्रश्न विचारला नाही. खड्डा १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटर खोल. बेसाल्टमध्ये आघातानं झालेलं आणि इतकं शाबूत राहिलेलं विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे जगभरातून इथे येतात, आणि आपण सहलीला वेरूळला जातो. वेरूळला जाऊ नये असं नाही.

भिंतीतले थर पोरांनी आपणहून मोजायला सुरुवात केली. मधला तांबडा पट्टा दिसल्यावर ‘आमच्या इहिरीतला!’ असा ओरडा झाला. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उचललेला आहे आणि काठाशी थर बाहेरच्या बाजूला कललेत. परातीत दिसलं होतं तेच.

लोणासुराची गोष्ट एकीनं सांगितली: विष्णूनं त्याला मारला, तो पाताळात गेला तिथे हा खड्डा. मी तिला थांबवलं नाही. गोष्ट सांगणाऱ्यांना हा खड्डा इतर खड्ड्यांसारखा नाही हे कळलं होतं, आणि वरून काहीतरी येऊन आदळलं इतपत तपशीलही बरोबर आहे. युरोपियन भूगर्भतज्ज्ञ कितीतरी वर्षं त्याला ज्वालामुखीचं तोंड म्हणत होते.

वय सांगताना एक आकडा दिला नाही. आधीचा अंदाज सुमारे ५२ हजार वर्षं. नंतर आर्गॉन वायू मोजून काढलेलं वय सुमारे ५ लाख ७० हजार. इतका फरक कसा, हा प्रश्न आला नाही. यायला हवा होता.

खाली उतरलो नाही, वेळ नव्हता. अभयारण्य आहे, दगड उचलायचे नाहीत, हे तीनदा सांगितलं होतं. गाडीत बसताना घासणीनं कोणी न विचारता खिसा रिकामा केला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा तास या सगळ्या प्रकल्पातला मला सर्वांत आवडलेला. साहित्य शून्य.

फळ्यावर बिहारचा नकाशा. गया जिल्ह्यात शेरघाटी नावाचं गाव आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी सकाळी तिथे आकाशातून एक दगड पडला, पाचेक किलोचा. पुढे त्यात एक वेगळीच काच सापडली. स्फटिकाला जबरदस्त धक्का बसला की तो न वितळताच काचेसारखा होतो, तशी. १८७२ मध्ये तिला ‘मॅस्केलिनाइट’ असं नाव मिळालं. शंभर वर्षांनी, १९७३ मध्ये, लोणारच्या खडकात तीच काच सापडल्याचं छापून आलं आणि लोणार हे आघाताचंच विवर हा वाद जवळजवळ मिटला.

इथपर्यंत पोरं ऐकत होती, पण मंगळ कुठे आला? तर शेरघाटीचा दगड कुठून आला हेही शंभर वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं. तशाच जातीचा एक दगड अंटार्क्टिकाच्या बर्फात मिळाला. त्याच्या काचेत अडकलेला वायू १९८३ मध्ये तपासला, तर तो मंगळाच्या हवेशी जुळला. मंगळाची हवा कशी आहे हे कसं कळलं? १९७६ मध्ये तिथे उतरलेल्या ‘व्हायकिंग’ यानांनी मोजून ठेवली होती.

म्हणजे मंगळावर कधीतरी लोणारसारखं, किंवा कितीतरी मोठं, काहीतरी आदळलं, तिथला बेसाल्ट अवकाशात उडाला, फिरत फिरत बिहारमध्ये पडला. आज या जातीच्या सगळ्या दगडांना जगभर शेरघाटीच्याच नावानं ओळखतात, इंग्रजांच्या स्पेलिंगमुळे ‘शरगॉटाइट’.

सुरुंगनं फक्त एवढं विचारलं: ‘तिकडून दगड येतो, मग इकडून तिकडं गेला असंल का?’

जाऊ शकतो. मंगळावरून सुटणं सोपं, पृथ्वीचं गुरुत्व जास्त, हवा दाट, म्हणून अवघड. पण अशक्य नाही, असं सांगितलं.

जाता जाता हेही सांगितलं की मंगळावर ‘लोणार’ नावाचं विवर आहे, आपल्या लोणारच्या सहापट रुंद. आणि ‘पूना’ नावाचंही आहे. पुण्याचं ऐकून कोणाला काही वाटलं नाही. लोणारचं ऐकून टाळ्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रोव्हरचा खेळ. एका पोराच्या डोळ्यांवर पट्टी, तो गाडी. बाकीचे पृथ्वीवरचं नियंत्रण केंद्र. हुकूम चिठ्ठीवर लिहायचा आणि ती चिठ्ठी ५ मिनिटं २० सेकंदांनी गाडीला वाचून दाखवायची, कारण मंगळ सर्वांत जवळ होता तेव्हाही प्रकाशाला एवढा वेळ लागत होता. तिसऱ्या चिठ्ठीपर्यंत सगळे कंटाळले. ‘थांब’ पोचेपर्यंत गाडी लिंबाच्या झाडाला धडकलेली होती. कंटाळा हाच धडा असल्यामुळे मी मधे पडलो नाही. २०१२ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ ही गाडी मंगळावर उतरताना संदेशाला चौदाएक मिनिटं लागत होती आणि उतरायला सातच. म्हणजे पृथ्वीवर ‘हवेत शिरली’ असं कळलं तेव्हा ती तिथे उतरूनही झाली होती. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं, पहिल्याच प्रयत्नात. दोन हजारच्या नोटेवर ते होतं हे कोणालाच आठवेना. नोट बघितलीच नव्हती म्हणे कोणी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आकाशाचे कागद गोळा केले. सव्वीसपैकी नऊ जणांनी नेमानं ठिपके मारलेत, बाकीच्यांनी काल रात्री बसून. कोणते कोणते हे लगेच कळतं: ज्यांनी नुसते बसून मारले त्यांचा मंगळ सरळ पुढे जातो.

नऊ खऱ्या कागदांवर तो मागे गेलाय, पूर्वेकडून पश्चिमेकडे, पुनर्वसूच्या ताऱ्यांना ओलांडून. आणि ठिपके जवळजवळ येत चाललेत. एकीच्या आजोबांनी कागद बघून सांगितलं, ‘वक्री आहे तो.’ शब्द बरोबर आहे. कारण मात्र रस्त्यावर सापडलं. सध्या उसाच्या ट्रॉल्या चालू आहेत. एसटीनं ट्रॉलीला ओलांडताना खिडकीतून ट्रॉलीकडे आणि लांबच्या डोंगराकडे एकदम बघा. दोन्ही वाहनं एकाच दिशेला चाललीत, तरी डोंगराच्या पार्श्वभूमीवर ट्रॉली मागे सरकते. आपण एसटी, मंगळ ट्रॉली. आपल्याला एक फेरी ३६५ दिवस, त्याला ६८७.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या प्रदर्शन आणि आज भिंतीवरचा कागद चुकला.

बरण्यांचं आधी. कोरडी बरणी महिन्याभरानंतरही जशीच्या तशी, कीस काळा. ओली विटकरी. मिठाची तर दुसऱ्याच दिवशी लाल झाली होती. ‘का’ रोज सकाळी कोरडी बरणी हलवून बघायची आणि मला दाखवायची. काही बोलायची नाही.

काल महाशिवरात्रीच्या सुट्टीत वाचलं: परवाच, २५ तारखेला, मंगळाच्या लाल रंगावर नवा अभ्यास प्रसिद्ध झालाय. मी शिकवलं ती आजवरची समजूत होती: लाल धूळ म्हणजे हेमेटाइट, आणि ते कोरड्या काळात सावकाश झालं. आता संशोधक म्हणतात, ती धूळ ‘फेरिहायड्राइट’ या गंजाशी जास्त जुळते. हा गंज थंड पाण्याच्या सहवासात, लवकर तयार होतो आणि स्वतःत पाणी धरून ठेवतो. म्हणजे मंगळ गंजला तेव्हा तिथे पाणी असावं. त्यांनी हे जुळवलं कसं, तर बेसाल्टची अगदी बारीक भुकटी आणि हा गंज एकत्र करून, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांच्या मोजमापांशी ताडून.

बेसाल्टची भुकटी आणि गंज. आमच्याकडे क्रशर डस्टची, म्हणजे काळा दगड फोडताना पडणाऱ्या भुकटीची, गोणी आणि दुसऱ्या-तिसऱ्या बरणीतला गंज होताच.

सकाळी वर्गात हे सांगितलं. अजून शेवटचा शब्द नाही, ‘पर्सिव्हरन्स’ गाडीनं नळ्यांत भरलेले नमुने अजून तिथेच आहेत, ते पृथ्वीवर आले की नक्की कळेल, हेही सांगितलं. मग ‘का’ला लाल पेन दिला. तिनं माझं वाक्य खोडलं नाही. ‘कोरड्या हवेत’ या दोन शब्दांखाली रेघ ओढून बाजूला लिहिलं: का?

कागद तसाच लावणार आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रदर्शन झालं. शेजारच्या टेबलावर ज्वालामुखी होता, गर्दी तिकडेच जास्त. आमच्याकडे तीन बरण्या, परात, लोणारचे फोटो, नऊ कागद आणि ताटलीत क्रशर डस्ट व गंज कालवून केलेली ‘मंगळाची माती’. रंग फोटोच्या बराच जवळ गेला, जरा जास्त तपकिरी. तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी ताटलीकडे बोट दाखवून विचारलं, ही माती कुठून मागवली?

‘आमच्या इहिरीतून,’ सुरुंग म्हणाला, आणि पुढे अर्धा तास पाहुण्यांना सोडलं नाही.

क्रमांक आला नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. संध्याकाळी सहावीतल्या दोघांचा फोन. २४ फेब्रुवारीच्या सुमाराला मंगळ थांबला होता आणि मग उलट फिरला. पण प्रकल्प संपला म्हणून मी बघायचं सोडलं होतं. पोरांनी सोडलेलं नाही. ‘सर, गच्चीवर जा. तो परत पुनर्वसूपाशी आलाय. आणि बारीक झालाय.’

गेलो. डोक्यावर होता, जानेवारीतल्या तेजाच्या पावपट असेल. दोन ताऱ्यांच्या जवळ, पण या वेळी ओळीत नाही, थोडा खाली. त्यांना विचारलं, बारीक का झाला?

‘मोसंबी पुढं गेली ना सर,’ एक म्हणाला. दुसऱ्यानं त्याच्याकडून फोन ओढून घेतला: विहिरीचं पाणी खाली गेलंय, तांबड्या पट्ट्याखाली आणखी एक पट्टा निघालाय, उद्या येता का.